माहेरचा रकाना

मंजुळाक्का गेली, हे तिच्या भाचीनं मला फोनवर आधी इंग्रजीत सांगितलं. मग तमिळमध्ये, आणि शेवटी शब्द जुळवत मराठीत, "अत्त्या गेली." तिन्ही वेळा मी नुसती "हो, हो" करत राहिले. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा कुठं गॅस बंद केला... त्याला आता सहा आठवडे होतील.

अक्का तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातली, पिढ्यान्‌पिढ्या इकडचीच. मी नवऱ्याच्या नोकरीपायी कराडहून चेन्नईजवळ आवडी गावच्या क्वार्टर्समध्ये येऊन पडलेली. लॅबमधल्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "जेवण झालें कां तुझें?" मला वाटलं, ही बाई पोथीतून बोलतेय की काय! मी फिस्सकन हसले. "हसूं नको," ती म्हणाली. "आम्ही इकडे घेऊन आलों तें मराठी असेंच होतें. तुम्हींच मागाहून बिघडविलें." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

ती विषशास्त्राची डॉक्टरेट, मी फॉर्म भरणारी असिस्टंट, आणि वर आमचे सर. बाळंतिणींच्या रक्तातलं शिसं मोजायचं काम होतं. उत्तर चेन्नईतल्या एन्नोरला बंदर, वीजकेंद्रं, धूर. म्हणून तिथल्या मासेमार वस्तीतल्या बायका एका बाजूला. तुलनेला चेन्नईच्या दक्षिणेकडच्या कोवलमच्या मासेमार बायका, कारण तिथली हवा स्वच्छ. "फॉर्म एका पानात बसवा," सरांनी बजावलं होतं. मी बसवला. वय, पत्ता, मुलं किती, चूल की गॅस. निकाल आला तो असा, की दोन्ही गावांत फारसा फरक नाही. पेपर छापून आला. तीन नावं होती, त्यात शेवटचं माझं. सरांनी म्हैसूरपाक वाटला आणि मी तो पेपर कराडला आईला दाखवायला नेला. तिला त्यातलं फक्त माझं नाव वाचता आलं.

त्यानंतर आम्ही दोघी कोवलमला बायकांना त्यांचे रिपोर्ट द्यायला गेलो. एका दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेलीय."

"कुठं?" अक्कानं सहज विचारलं.

"एन्नोरला."

अक्का शेजारच्या पालथ्या होडीवर बसली. मग उठली आणि घरोघर एकच प्रश्न विचारत सुटली. माहेर कुठलं? एन्नोर. पुढच्या दारी पुन्हा एन्नोर... मासेमारांच्या लेकी मासेमारांतच द्यायच्या, यात नवल ते काय! पण शिसं मोठं चिवट. लहानपणी हाडांत मुरलं की वर्षानुवर्षं तिथंच दडून राहतं आणि बाळंतपणात हाडं झिजली की पुन्हा रक्तात उतरतं. कोवलमच्या म्हणून मोजलेल्या कितीतरी जणी एन्नोरच्याच लेकी होत्या. एन्नोरची तुलना आम्ही एन्नोरशीच केली होती.

परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "जिला सासरच नाहीं, तिला माहेर कुठून सुचणार?" तिनं लग्न केलं नव्हतं. तिचं ठीक आहे हो, पण माझं काय? मी दर मे महिन्यात कराडची गाडी पकडणारी, माहेरच्या नावानं अकरा महिने दिवस मोजणारी. मला सुचू नये? इतकी वर्षं झाली, अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पुढं प्रदूषणाच्या एका सुनावणीत एन्नोरच्या लोकांना आमच्याच पेपरमधलं ते वाक्य वाचून दाखवलं गेलं. फरक नाही, असं संशोधन सांगतं. अक्का मागच्या बाकावर होती. एक बाई वळून तिला म्हणाली, "अम्मा, रक्त आमचं घेतलंत आणि लिहिलंत असं?"

अक्कानं नियतकालिकाला चूक कळवली. दुरुस्तीच्या अर्जावर तिन्ही लेखकांच्या सह्या हव्यात, असं उत्तर आलं. सर म्हणाले, "एका रकान्यासाठी सगळ्या कामाची अब्रू घालवायची?" आणि माझं कंत्राट दर वर्षी सरांच्या सहीनं वाढायचं. मुलगा कॉलेजात होता. अक्कानं कागद पुढं केला तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या वेळी करते, अक्का."

"सरि," ती म्हणाली. सरि म्हणजे बरं. त्यानंतर तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं! मी तिच्या घरी गेले की ती कॉफी आणायची, पेला डवऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, ठेवून पुढं सरकवायची, आणि टेबलावर तो कागद असायचा, शेजारी निळं पेन. तिची सही झालेली, माझी आणि सरांची जागा कोरी. आम्ही साड्यांवर बोलायचो, गुडघ्यांवर बोलायचो. मी कॉफी घाईघाईनं घशाखाली ढकलायची आणि ट्रेनची वेळ झाली म्हणून उठायची. अशी चार वर्षं गेली. शेवटी इस्पितळात भेटले तेव्हा ती सलाइन लावणाऱ्या नर्सला विचारत होती, "तुझें माहेर कोठलें?" पोरीला मराठी कळलं नाही. मला कळलं, आणि मी खिडकीकडं पाहत राहिले.

तेराव्याला तिच्या घरी गेले. टेबल तसंच, कागद तसाच. मी उभ्यानंच सही केली. माझं कंत्राट गेल्या वर्षीच संपलंय. आता भ्यायचं कुणाला? हे शौर्य नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. इतक्या दिवसांचं पडलेलं पेन उठेल असं वाटलं नव्हतं, पण पहिल्याच रेघेला शाई उतरली.

भाची बघत होती. "आँटी, एक विचारू?" ती म्हणाली. "या पेननं अत्त्या कधीच काही लिहायची नाही. मग दर दोन महिन्यांनी त्यात नवी रिफिल का घालायची?"

 मी तिच्याकडून कागद आणि पेन तेवढं मागून घेतलं.

सर निवृत्त झालेत. फोन उचलत नाहीत, एकदा उचलला तेव्हा म्हणाले, "बघू." पेपर अजून तसाच आहे, तीन नावांचा, आणि लोक अजून त्याचा आधार घेतात. कागद आता माझ्या टेबलावर असतो. सरांची जागा कोरीच आहे. परवा मी पेनाची रिफिल बदलली.