सुभेदार बाहेर, मी आत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, तर नाहीच. फौजेतल्या मित्रांना नाही, भावाला नाही. देवळात हात जोडून उभा राहिलो तरी दुसरंच काहीतरी पुटपुटून परत यायचो. आता तुम्ही समोर बसलाय असं समजून लिहितो. मध्येच थांबलो तर थांबू द्या. सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही — जमलं असतं तर एवढी वर्षं गेली असती का?

आधी सुभेदाराबद्दल सांगतो. त्याच्याबद्दल बोलताना माझी जीभ अडत नाही.

सुभेदार म्हणजे आमचं कुत्रं. मी फौजेत ड्रायव्हर होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो आणि रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी ऊस बघायला परत आलो. त्याच हिवाळ्यात आटपाडीचा बिरा पिलू घेऊन आला. बिरा माझ्याच युनिटमधला, धनगराघरचा. त्यांच्या मेंढरांमागं वाडवडिलांपासून कारवानी कुत्री असतात. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट. पिलानं चुलीपुढची जागा पकडली आणि सुनंदा म्हणाली, "तुमी काय सुभेदार झाला न्हाई. ह्यो तरी होऊ दे."

वर्षभरात ते पिलू काय झालं म्हणून सांगू! उसाच्या सरीतून पळायला लागलं की पाय जमिनीला लागतात की नाही, तेच कळायचं नाही. आणि एवढा वेग अंगात असून घरात किती हळू! झोपलेल्या माणसाच्या अंगावरून कधी उडी मारली नाही, लांबून फिरून जायचा. सुनंदाला ताप आला तेव्हा तिच्या खाटेखालून हलला नाही. मी भाकरी टाकली तर माझ्याकडं बघायचा, तिच्याकडं बघायचा, मग खायचा. अशा जनावराला घरी सोडून फिरायला जायचं कसं?

आणि फिरायची तर सुनंदाला लय हौस. मी नोकरीत देश पाहिला, तिनं गावची वेस पाहिली. पहिल्या खेपेला पाचगणीला गेलो. लॉजवाल्यानं कुत्रं बघितलं आणि हात हलवला. "रूम हाय, पर कुत्र्याला न्हाई." सुनंदा उलट्या पावली फिरली. "मग आमालाबी नको." त्या रात्री आम्ही तिघंही गाडीत अवघडून झोपलो आणि सकाळी मान धरलेल्या अवस्थेत तिनं ठरवलं, घरच चाकावर घालायचं.

कऱ्हाडात एका बॉडीवाल्याकडं मी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर उभी केली. सीटा काढल्या. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि मागच्या बाजूला सुभेदारासाठी रबराची चटई घातलेला कोपरा — त्याचं माप सुनंदानं स्वतः त्याला झोपवून घेतलं. बाजूला सरकतं दार, खाली पायरी. गावातली माणसं हसायची. "कारवानात कारवानी चाललं बघा!" हसू देत. आम्ही तिघं तारळ्याच्या खोऱ्यात गेलो, कोयनेच्या बाजूला गेलो, बिराकडं माळावर जाऊन राहिलो. मी गाडी चालवायचो तेव्हा सुभेदार पुढं येऊन माझ्या डाव्या पायाजवळ बसायचा. क्लच दाबायचा असला की स्वतःच सरकून जागा द्यायचा. शिकवलं कुणी त्याला? कुणीच नाही.

मी त्याचीच तारीफ करत बसलोय, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. असू दे. तीही खरीच आहे.

आता गावात जी गोष्ट सांगतात ती सांगतो. पाटणच्या वर, डोंगरकडेला, एका ओळखीच्या माणसाच्या वावरात आम्ही गाडी लावली होती. दिवाळी होऊन गेलेली, उन्हं कललेली. सुनंदा खाली ओढ्यावर भांडी विसळत होती. कारवीच्या झाडीतून अस्वल आलं. हवालदारानं ते बघितलं, गाडीतली लोखंडी टामी उचलली आणि कुत्र्याला घेऊन तुटून पडला. कुत्रं जखमी झालं, पण दोघांनी मिळून अस्वलाला पळवलं. बाईच्या केसालाही धक्का लागला नाही.

ही गोष्ट मी रचलेली नाही. सुनंदानं सांगितली. तिला जेवढं दिसलं त्यावरून तिनं जोडली. मी फक्त... गप्प बसलो.

खरं काय झालं?

मी पायरीवर बसून लसूण सोलत होतो. सुभेदार पायरीच्या दांडीला बांधलेला. रानात त्याला मोकळं सोडायचं नाही, हा माझाच नियम. सुनंदा हाकेच्या अंतरावर, आमच्याकडं पाठ करून बसलेली. ओढ्याला पाणी बरंच होतं, त्याच्या आवाजात तिला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सुभेदार आधी उठला. त्याच्या पाठीवरचे केस उभे राहिले तेव्हा मी वर बघितलं. काळं, झिपरं, नाक खाली घालून हुंगत अस्वल चाललेलं. ते माझ्यापासून लांब होतं. तिच्याजवळ होतं. हे नीट ऐकून घ्या — माझ्यापासून लांब, तिच्याजवळ.

मी उठलो. इथपर्यंत गावात सांगतात ते बरोबर आहे.

उठलो, आत गेलो आणि दार ओढून घेतलं.

लिहिलं एकदाचं.

सुभेदार बाहेर, मी आत. त्याच्या साखळीचा खडखड आवाज दाराच्या पत्र्यातून येत होता. मी ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसलो — का, ते विचारू नका, पायांनी आणलं. काचेतून सगळं दिसत होतं. माझ्या हातापाशी हॉर्न होता. जन्मभर गाडी चालवलेला माणूस मी. झोपेतसुद्धा हॉर्न कुठं असतो ते माझ्या हाताला माहीत. एकदा दाबला असता तर ते जनावर कदाचित बिचकून रानात गेलं असतं. निदान सुनंदानं वळून तरी बघितलं असतं. मी दाबला नाही. मला वाटलं, आवाज झाला तर ते गाडीकडं येईल. माझ्याकडं.

ओरडलो? नाही. ओरडलोही नाही.

सुभेदारानं एवढी ओढ दिली की गळपट्ट्याचं बक्कल तुटलं. मान सोलून निघाली होती, ते नंतर दिसलं. तो सुटला तसा भुंकला नाही, सरळ गेला. अस्वल सुनंदापासून चार-पाच पावलांवर आलं असेल, तेवढ्यात यानं मागून त्याच्या मांडीला तोंड घातलं आणि बाजूला उडी मारली. अस्वल वळलं की हा दुसऱ्या अंगाला. पुन्हा तोंड घालायचा, पुन्हा बाजूला. असं करत करत त्यानं ते तिच्यापासून वर, बांधाकडं ओढत आणलं. एवढी अक्कल, एवढं धाडस मी जन्मात बघितलं नाही. फौजेतही नाही. मी काचेआड बसून ते बघत होतो. आणि तेव्हाही मनात आलं — काय कुत्रं आहे हे! बघा म्हणजे, काय माणूस आहे मी.

मग सुनंदा वळली. तिचा पाय घसरला, ती पाण्यात बसली. हातात पातेलं तसंच. आणि ती ओरडली, "आवं!"

एकदाच नाही. "आवं! आवं!" मला ऐकू आलं. काच बंद होती तरी ऐकू आलं. अजून येतं.

अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. पंजा बसला तो सुभेदाराच्या खांद्यावर. तो लांब फेकला गेला, उठला, आणि तीन पायांवर लंगडत पुन्हा येऊन मध्ये उभा राहिला. सुनंदाच्या आणि अस्वलाच्या मध्ये. आता त्याला पळता येत नव्हतं, उडी मारता येत नव्हती. नुसता उभा. दात दाखवून, मान खाली घालून. अस्वलानं त्याच्याकडं बघितलं... किती वेळ, कुणास ठाऊक. मग फुसकारलं आणि वळून कारवीत शिरलं.

झाडोरा हलायचा थांबला. तेव्हा मी सीटमागची टामी उचलली, दार उघडलं आणि पळत सुटलो.

सुनंदानं मला बघितलं ते तेव्हा. हातात टामी, पळत येताना. ती काठाच्या चिखलात येऊन बसलेली, माझ्याकडं बघून रडत म्हणाली, "आलासा! आलासा तुमी! मला ठावं हुतं तुमी येणार. तुमाला बघूनच पळालं त्ये."

तेव्हा बोलायला हवं होतं ना? तिथंच. त्याच चिखलात.

सुभेदाराला तिच्या मांडीवर घालून मी पाटणला गाडी काढली. त्या सगळ्या रस्त्यात मी हॉर्नवरचा हात काढला नाही. म्हशी बाजूला झाल्या, एसटी बाजूला झाली. हॉर्न चांगला वाजत होता. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घालताना मला त्याचं डोकं धरायला सांगितलं. दुखत होतं त्याला, अंग आक्रसत होतं, पण दात लावला नाही. माझं मनगट चाटत राहिला. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात, असं कुत्रं मिळालं." सुनंदा म्हणाली, "आणि आमचं ह्ये बी काय कमी न्हाईत." मी त्याच्या कानांकडं बघत राहिलो.

पुढं ती गोष्ट गावात गेली, भावकीत गेली, युनिटच्या ग्रुपवर गेली. ग्रामपंचायतीपुढं शाल-नारळ झाला. बिराकडं गेलो तेव्हा त्याची म्हातारी आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी. मला ओवाळायला आली तसा मी मागं सरलो. म्हटलं, "आई, ह्याला ओवाळा. सगळं सुभेदारानं केलं. मी काय बी केलं न्हाई."

अक्षर अन् अक्षर खरं होतं ते. आणि सगळे हसले. बिरा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघा रं, ह्याला म्हणायचं फौजी! एवढं करून म्हणतुय काय बी केलं न्हाई!" म्हातारीनं आधी मला ओवाळलं, मग सुभेदाराला.

त्या दिवशी मला एक युक्ती सापडली. लाज वाटते ती सांगताना, दार लावलं त्याहून जास्त लाज. खरं असं बोलायचं की कुणाचा विश्वास बसू नये. त्यानंतर कुणी विचारलं की मी हेच सांगायचो — "मी काय बी केलं न्हाई." लोक माझा साधेपणा वानायचे. मला सांगितल्याचं समाधान मिळायचं आणि नावही शाबूत राहायचं. पहिल्यांदा पळालो तो घाबरून. हे मात्र मी वर्षानुवर्षं शांत डोक्यानं केलं.

सुभेदार बरा झाला. खांद्यावर केस पुन्हा आले नाहीत आणि पुढचा डावा पाय थोडा आखूड पडायचा, तेवढंच. आम्ही फिरायचं थांबवलं नाही. तोच आधी गाडीत चढून बसायचा. माझ्या हातून भाकरी खायचा, पूर्वीसारखाच क्लचजवळ बसायचा, माझ्या बुटावर हनुवटी टेकवून झोपायचा. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही राग होता, असं मला कधी दिसलं नाही. मी शोधायचो. नव्हता.

फक्त एक गोष्ट बदलली.

त्या संध्याकाळनंतर, कुठंही गाडी लागली आणि सुनंदा पाण्यावर निघाली, की तो उठायचा. आधी तो माझ्याजवळ पायरीपाशी बसून राहायचा, आता राहत नसे. बांधला तर ओरडून जीव नकोसा करायचा, म्हणून बांधणं सोडलं. तो तिच्या मागोमाग खाली जायचा, तिच्याकडं पाठ आणि रानाकडं तोंड करून बसायचा. ती उठली की उठायचा. मी हाक मारली तर शेपूट हलवायचा, पण जागा सोडायचा नाही. मी तिथंच, तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, तरी सोडायचा नाही.

शेवटच्या खेपेला आम्ही पुन्हा पाटणकडं गेलो. तोवर तो म्हातारा झाला होता. डोळ्यांत निळसर झाक, पायरी चढता येईना, मी उचलून चढवायचो-उतरवायचो. सुनंदानं कळशी घेतली. तो चटईवर गाढ झोपलेला. कळशीचा आवाज झाला तसा उठायला लागला. पाय घसरत होते, पुन्हा उठत होता. सुनंदा म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं बाळा, ह्ये हायेत की." त्यानं माझ्याकडं बघितलं. मग दाराशी येऊन उभा राहिला, मी खाली उतरवावं म्हणून. मी उतरवलं. तो लंगडत, थांबत, थांबत, तिच्या मागं गेला.

सुनंदा वळून मला म्हणाली, "बघा किती जीव हाय त्येचा माझ्यावर."

मी म्हणालो, "व्हय."