बिभीषणचं कुंपण

बिभीषणसारखा भिडस्त माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणाची पाण्याची मोटार विहिरीत सोडायची असो, कुणाची म्हैस डॉक्टरकडं न्यायची असो, हा टेम्पो घेऊन हजर. वस्तीवरच्या बाया त्याच्या टेम्पोला फुकटची एसटी म्हणायच्या आणि तो हसायचा. त्याचा हा गुण आम्ही सगळ्यांनी पुरेपूर वापरला.

खर्डा गावाच्या अलीकडं माळावर आमची वस्ती. अकरा घरं, अकरा शेततळी, सगळी सरकारी अनुदानातली. तळं खोदायचं, त्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरायचा, भोवती तारेचं कुंपण घालायचं आणि शेतकरी, तळं, कुंपण असा एकत्र फोटो मोबाईलवरून पाठवायचा. मग अनुदान खात्यावर जमा. कुंपण खरोखर विकत आणलं ते एकट्या बिभीषणनं. आम्ही बाकीचे दहा जण शहाणे! फोटोपुरतं त्याचंच लावू म्हणालो. तो बिचारा आपल्या तळ्याचे खांब आणि जाळी उपटायचा, ज्याचा फोटो असेल त्याच्याकडं हातभर खड्ड्यात रोवायचा आणि काम झालं की परत नेऊन आपल्या तळ्याला लावायचा.

ओल्या कागदावर पाय ठरत नाही. आत गेलेलं जनावर कडेपर्यंत येतं आणि पुन्हा घसरतं. आधी एक कोल्हा मेला. मग गहिनीनाथची कालवड गेली. तिला दोर लावून काढली तेव्हा तिच्या खुरांनी फाटलेला कागद सगळ्यांनी पाहिला. गहिनीनाथ ढसाढसा रडला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं कागदाला ठिगळ मारलं. कुंपणाचं नाव मात्र कुणी काढलं नाही, मीसुद्धा नाही.

शेवटचा नंबर माझा होता. त्या सकाळी खांब-जाळी भरलेल्या टेम्पोला बिभीषणची बायको राहीबाई आडवी उभी राहिली.

"आता पुरे करा. आपल्या तळ्याचं ऱ्हाऊ द्या. मला त्या पान्याचं लई भ्या वाटतंय."

"आप्पांचा फोटो आजच जायला पायजे, न्हाईतर अनुदान बुडतंय. सांजच्याला परत लावतो," तो म्हणाला.

आप्पा म्हणजे मी. मी टेम्पोतच बसलो होतो, उतरलो नाही. राहीबाई बाजूला झाली.

दुपारी माझ्या तळ्यावर शेवटचे खांब रोवताना त्याचा मोबाईल वाजला. मोटार पाणी उचलेना, म्हणून तीत ओतायला पाणी आणायचं म्हणत राहीबाई कळशी घेऊन त्यांच्या तळ्यात उतरली होती आणि कागदावरून घसरली होती. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी राहीबाईच्या भावानं तक्रार दिली, नवऱ्यानंच तिला ढकललं म्हणून. त्या संध्याकाळी वस्तीवरचे कारभारी माझ्या ओट्यावर जमले.

"आप्पा, तुमी बोललात तर आपल्या समद्यांच्या फायली उघडतील," गहिनीनाथ म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझा फोटो गेला होता, पण अनुदान अजून यायचं होतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

सकाळी हवालदार आले. त्यांच्याजवळ बिभीषणच्या तळ्याचा अनुदानाचा फोटो होता. त्यात चारी बाजूंनी कुंपण दिसत होतं.

"एवढं कुंपण असताना बाई आत गेली कशी?"

"मी काढलं हुतं," बिभीषण म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिशी. सकाळी."

"म्हणजे ती मेली त्याच दिवशी? कशाला काढलंस?"

भोवती सगळी वस्ती उभी होती. बिभीषणनं एकेकाकडं पाहिलं. एकानंही नजर वर केली नाही. मग त्याला मी दिसलो आणि त्याच्या चेहऱ्यावर जरा धीर आला.

"ह्या आप्पांना इचारा, सायेब. मी दिवसभर त्यांच्याकडंच हुतो. ते सांगतील तुमाला."

हवालदार माझ्याकडं वळले. बिभीषणचे खांब दोन शेतं पलीकडं माझ्या तळ्याला उभे होते. मला माझीच किळस आली, तरी तोंडातून निघायचं ते निघालंच.

"मला काई ठाऊक न्हाई, सायेब."

हवालदारांनी ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली.