मुठीतली ऊब

वसईत एका नर्सिंग होमखाली माझं औषधांचं दुकान होतं. तिथल्या सिस्टर, जवळच्या भुईगावच्या, रोज खाली येऊन डॉक्टरांच्या अक्षराला नावं ठेवत. एकदा सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ श्वासासाठी धडपडू लागलं. मी फ्रीजमधली इवलीशी बाटली घेऊन वर धावलो.

"बाटली हलवू नका हो!" म्हणत सिस्टरनी ती मुठीत धरून कोमट केली.

"कशाचं औषध?" बाळाच्या वडिलांनी विचारलं.

"वासराच्या फुप्फुसातला अर्क," सिस्टरनी सांगितलं. "त्यानं बाळाची फुप्फुसं उघडतील."

"आम्ही शाकाहारी आहोत."

"बाळ अजून काहीच खात नाही," सिस्टर म्हणाल्या. "त्याला फक्त श्वास घ्यायचाय."

वडिलांनी सही केली. डॉक्टरांनी नळीतून औषध थेट फुप्फुसात सोडलं. तासाभरात निळे ओठ गुलाबी झाले.

वडील पाया पडायला वाकले.

"ते राहू द्या," सिस्टर म्हणाल्या. "साबणानं हात धुवा. बाळाला बोट लावायचंय ना?"