साखर अजिबात नाही

टेलरमास्तर म्हणजे एक नंबरचे हेकेखोर. गिऱ्हाइकाने बाही लांब सांगितली की मुद्दाम आखूड करणार, वर "तुमच्या हाताला हीच शोभते" म्हणून ऐकवणार. गिऱ्हाइकं गेली, दुकान गेलं, बायको कुरकुरत कुरकुरत वर गेली; हेका काही गेला नाही. लेक मात्र खमकी निघाली. मागे नातीला ताप आला तेव्हा मास्तरांनी डॉक्टरचं औषध बाजूला ठेवून स्वतःचं शहाणपण चालवलं. पोर मरता मरता वाचली. तेव्हापासून लेकीने तिला त्यांच्याकडे एक दिवसही एकटं ठेवलं नव्हतं.

यंदा नाताळच्या सुट्टीत लेक-जावई पोरीला घेऊन फिरायला निघाले आणि त्यांचा कुत्रा, ढब्बू, मास्तरांच्या गळ्यात पडला. सोबत यादी. "बाबा, एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. हा नीट राहिला, तर पुढच्या सुट्टीत छोटीला ठेवेन."

मग काय, मास्तर पदर खोचूनच उभे राहिले म्हणा ना! नाताळच्या झाडावरच्या झिरमिळ्या उतरवल्या, दिव्यांच्या वायरी उंच खिळ्याला टांगल्या, चॉकलेटं आणि मनुक्यांचा केक कपाटावर चढवला. सुया-टाचण्या डब्यात बंद. यादीतल्या शेवटच्या ओळीखाली लेकीने दोन रेघा मारल्या होत्या: साखर अजिबात नाही.

पण ढब्बू पडला लाघवी. मास्तर गोळी चघळायला लागले की समोर बसून टक लावायचा. मास्तरांना मधुमेह, त्यामुळे गोळ्या बिनसाखरेच्या. "साखर नाही ना? मग खा बिनघोर, लेका," म्हणत त्यांनी अर्धी पुडी भरवली. आता या शहाण्याला कोण सांगणार!

अर्ध्या तासात ढब्बू झोकांड्या खाऊ लागला. पाय लटपटत होते, डोळे सैरभैर. मास्तरांनी लगेच ओळखलं. साखर उतरली की त्यांचंही असंच व्हायचं. धावत जाऊन त्यांनी साखर पाण्यात कालवली, चमचा ढब्बूच्या तोंडाशी नेला, आणि नजर यादीवर गेली. दोन रेघा. जन्मभर कुणाचं न ऐकलेला माणूस नेमका त्या घटकेला ऐकायला बसला. चमचा त्यांनी मोरीत उपडा केला.

टॅक्सी मिळेपर्यंत ढब्बूला झटके सुरू झाले. दवाखान्यात टेबलावर ठेवला तेव्हा तो गेलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी पुडी वाचली. "बिनसाखरेच्या गोळ्यांतली ही गोडी कुत्र्यांना विष असते. रक्तातली साखर पार तळाला जाते. निघताना हिरड्यांना साखर चोळली असतीत, तर कदाचित जिवंत पोचला असता."

तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, यादीप्रमाणे चाललंय ना? साखरबिखर नाही ना दिलीत?"

"नाही दिली."

"शाब्बास! जन्मात पहिल्यांदा माझं ऐकलंत. ठरलं मग, पुढच्या सुट्टीत छोटी तुमच्याकडे."

पलीकडे पोरीने फोन हिसकावून घेतला. "आजोबा, ढब्बूला द्या ना फोन!"

मास्तरांनी फोन ढब्बूच्या कानाशी नेऊन धरला.