शेजारच्या सीटचा ब्रेक

ब्रेकबाई रस्त्याच्या कडेला उभ्या दिसल्या की माणसं आपोआप गाडी हळू करत. पोलिसाला कुणी एवढं भीत नसे. निम्म्या गावाला गाडी त्यांनीच शिकवली होती, आणि "आरसा कोण बघणार, तुझा काका?" हे एकदा त्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस पुढे जन्मभर आरसा बघत असे.

शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. त्यामुळे झालं असं, की त्या कुणाच्याही गाडीत बसल्या आणि समोर जरा काही आडवं आलं की त्यांचा पाय रिकाम्या जमिनीवर दाणकन आपटायचा. घरच्यांना हसून हसून पुरेवाट. बाईंना मात्र हे कधीच मान्य नव्हतं.

"मी कुठे दाबते? पाय अवघडतो माझा."

"हो ना," त्यांचे यजमान म्हणत, "आणि नेमका वळणावरच अवघडतो!"

यजमान कवळ्या बनवायचे. सगळे त्यांना दातवाले म्हणत. माणूस मितभाषी, पण एकच वेड: वेगवान गाड्या. लेक नोकरीला लागल्यावर त्यांनी साठवलेल्या पैशांतून दोनच सीटची, जमिनीला टेकलेली, हिरवीगार स्पोर्ट्स कार घेतली. तीही जुनीच, कुणा हौशी माणसाने वापरून सोडलेली. घरात तिचं नाव पडलं टोळ. दर रविवारी दातवाले टोळ बाहेर काढत, बाई शेजारी बसत, आणि दोघं घाटापर्यंत जाऊन येत. एक चालवायचा, दुसरी हवेत ब्रेक मारायची. संसार असाच तर चालतो.

मग दातवाल्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पाय गेले. चाकाच्या खुर्चीतून टोळमध्ये बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. टोळ अंगणात ताडपत्रीखाली गेली.

"वहिनी, मिळेल त्या भावात फुंकून टाका ती गाडी," नणंद म्हणाली. "दादाला आता काय करायचंय तिचं?"

ते वाक्य बाईंना काट्यासारखं सलत राहिलं. दादाला आता काय करायचंय! दादाला गाडी चालवायची होती. हाताने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर चालवता येतील अशी जोडणी मिळते, हे बाईंना धंद्यामुळे ठाऊक होतं. हवी होती ती उंच सीटची, रुंद दाराची, गिअर न बदलावे लागणारी गाडी. टोळ एक्स्चेंजमध्ये देऊन तिची रास्त किंमत आली, तर नवी गाडी आणि ती जोडणी, दोन्ही बसत होतं. किंमत पडली तर नुसती गाडी, जोडणी नाही. म्हणजे दातवाले कायमचे शेजारच्या सीटवर.

हमरस्त्यावरच्या नव्या शोरूममध्ये जुन्या गाड्यांची किंमत ठरवायला एक तरुण होता. तिथे त्याला सगळे पारखी म्हणत. परगावचा, त्यामुळे बाईंच्या हाताखालून न गेलेला. त्याने टोळला प्रदक्षिणा घातली, बॉनेट उघडलं, रंगाची जाडी मोजायचा मीटर टेकवला, चाकांशी उकिडवा बसला. त्याची मान समाधानाने हलत होती. तिकडे दातवाले खुर्ची सरकवत त्या उंच गाडीपाशी गेले होते आणि तिच्या दाराची मूठ पुन्हा पुन्हा ओढून बघत होते.

मग पारख्याने शेजारच्या सीटपुढचा मॅट उचलला, आणि त्याची मान थांबली.

मॅटला टाचेएवढं भोक होतं. खालचं कार्पेटही तिथेच झिजलेलं, आणि त्यावर रबराचा एक तुकडा पक्का चिकटवलेला. चालवणाऱ्याकडचा मॅट मात्र धडधाकट.

"मॅडम, तुम्ही काय करता?"

"गाडी शिकवते."

"वाटलंच." पारखी हात झटकत उठला. "इथे दुसरा ब्रेक होता. काढलात आणि स्क्रूची भोकं रबराने झाकलीत. ही शिकाऊ गाडी आहे. शिकाऊ हातांनी गिअरबॉक्सची काय दशा होते, ते मी तुम्हाला काय सांगणार?"

त्याने जी किंमत सांगितली ती ऐकून बाईंना वाटलं, याने गाडीऐवजी तिचा हॉर्नच विकत मागितला.

"अहो, स्पोर्ट्स कारवर कुणी गाडी शिकवतं का? उद्या घोड्यावर बसवून पोहायला शिकवाल!"

"मी बघतो ते सांगतो, मॅडम. मी खोटा माणूस नाही."

तो खोटा नव्हता, हीच तर अडचण होती. खोट्याशी भांडता येतं.

तेवढ्यात खुर्चीवरून खसखस ऐकू आली. दातवाले हसत होते.

"ब्रेक आहे हो साहेब, पण तो हिच्या डोक्यात आहे. मी चालवायचो आणि ही शेजारी बसून दाबायची. भोक पडलं ते हिच्या टाचेने. तुकडा मी चिकटवलाय."

"काहीतरीच काय!" बाई लालबुंद झाल्या. "मी कधीही दाबत नाही!"

पारख्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नवरा म्हणतो दाबते, बायको म्हणते नाही. अशा साक्षीवर किंमत वाढवली असती तर मालकाने त्यालाच विकून टाकलं असतं. त्याने नकारार्थी मान हलवली.

दातवाल्यांचं हसू ओसरलं. त्यांनी गाडीच्या मुठीवरून हात काढला. "अगं, राहू दे. नुसती गाडी घेऊ. मी शेजारी बसेन."

"शेजारी?" बाई गर्रकन वळल्या. "ती माझी जागा आहे. तिथे तुम्ही बसायचं नाही." मग पारख्याकडे बोट रोखून म्हणाल्या, "चला. तुम्हीच चालवा. क्लच बघा, गिअर बघा, आणि मग बोला."

टोळ बाहेर पडली. बाईंनी दोन्ही पाय जवळ ओढून घेतले होते, टाचा जुळवून, शाळेतल्या फोटोत बसतात तशा. पारखी आधी साहेबासारखा चालवत होता. पहिल्या चौकात बाई म्हणाल्या, "आरसा." दुसऱ्या चौकात म्हणाल्या, "क्लचवर पाय ठेवून बसू नकोस रे, तो काय पाट आहे?" अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. पारख्याची पाठ ताठ झाली. गिअर मात्र लोण्यातून सुरी जावी तसे पडत होते, आणि इंजिन इतक्या दिवसांनी मोकळं होऊन खुशीत गुरगुरत होतं.

वळण आलं. पलीकडून एक टेम्पो मागे न बघता उलटा येत होता.

दाणकन!

बाईंचा पाय आपटला. मॅटच्या भोकात, बरोबर रबरावर. त्याच क्षणी पारख्यानेही ब्रेक दाबला आणि टोळ टेम्पोपासून हातभर अंतरावर थबकली.

टेम्पो निघून गेला. पारख्याने खाली पाहिलं. पाय अजून दाबलेलाच होता.

"अवघडलाय," बाई पुटपुटल्या.

पुढच्या सिग्नलला पाय पुन्हा अवघडला. मग गतिरोधकाला. मग रस्ता ओलांडणाऱ्या कुत्र्याला. दरवेळी त्याच जागी, जणू जमिनीवर खूण केली होती. पारख्याने गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि खांदे गदागदा हलवत हसायला लागला. बाई क्षणभर घुश्शात बसल्या. मग त्यांनी आपल्याच टाचेकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा नीट पाहिलं.

"दाबते मी," त्या म्हणाल्या. "अगदी दाबते. लिहून घे."

शोरूममध्ये परतल्यावर पारख्याने खात्रीसाठी रबराचा तुकडा ओढला. निघेना.

"दातवाल्याचं चिकटवणं आहे ते," यजमान खुर्चीतून म्हणाले. "कवळी चिंचोका फोडेल, पण जागा सोडणार नाही."

शेवटी पान्हा घालून तो उचकटला. खाली स्क्रूचं एकही भोक नव्हतं. होता फक्त टाचेचा खळगा, गुळगुळीत, जुन्या पायरीवर असतो तसा.

"चुकलं माझं," पारखी म्हणाला. "एका हौशी माणसाची, जपून वापरलेली गाडी. पूर्ण किंमत."

"आणि मॅटचे कापू नकोस," बाई म्हणाल्या. "भोक माझं आहे, गाडीचं नाही."

"नाही कापत, बाई."

जोडणी बसवून नवी गाडी आली त्या सकाळी नणंद दारात उभी होती. दातवाले पाटावर सरकावं तसे सीटवर सरकले, हाताने दांडा ओढला आणि गाडी अंगणाबाहेर काढली. नणंदेच्या तोंडचा चहा तोंडातच राहिला. बाईंनी तिला काच खाली करून हात केला, जरा जास्तच वेळ.

कोपऱ्यावर सायकलवाला आडवा आला. दातवाल्यांनी हाताने ब्रेक लावला, बाईंनी पायाने. पाय नरमसर कशावर तरी पडला. त्यांनी वाकून पाहिलं. कोऱ्या कार्पेटवर, बरोबर टाचेखाली, तोच रबराचा तुकडा पक्का चिकटवलेला होता.

"हे कधी केलंत?"

"आरसा बघू दे," दातवाले म्हणाले आणि वेग वाढवला.