लगेच शिवला

माझ्या भावाच्या कादंबरीत बहीण नाही. घराच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देते. त्यांच्या चादरी वाळेपर्यंत पडवीत बसून दोन दुपारी मी ती वाचून काढली. नायक एकुलता एक. बाविसाव्या वर्षी घर सोडतो, मठ, गुरू, डोंगर सगळं पालथं घालतो आणि शेवटी त्याला कळतं की शोधत होतो ते आपल्या आतच आहे. आतच होतं तर इथे आमच्या नागावात बसून शोधायचं की. पण मी कोण बोलणार, मी तर पुस्तकातच नाही.

बाकी सगळं आहे. नारळ-पोफळीची वाडी आहे, आईच्या पानग्या आहेत, ओटीवर न बोलता बसणारे वडील आहेत. शेवटचं प्रकरण त्यांच्या दहाव्याचं. नायक दूर कुठल्याशा घाटावर असतो आणि त्याला फोनवर कळतं, पिंडाला कावळा लगेच शिवला. म्हणजे वडिलांची काही इच्छा राहिली नव्हती, त्यांनी मुलाला मोकळं केलं होतं. तिथेच त्याला साक्षात्कार होतो. हे प्रकरण वाचून लोक रडतात म्हणे.

फोनवर ते सांगणारी मी होते.

दादाचा फोन लागत नव्हता, म्हणून विधी चुलतभावाने केले. किनाऱ्यावर पिंड ठेवून आम्ही लांब उभे राहिलो. कावळा सुरूच्या झाडावर बसून होता, खाली येईना. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, त्यांच्या मनात काही राहिलं असेल तर बोला. मी म्हटलं, आईला सांभाळीन. वाडी विकू देणार नाही. शिंपण एक दिवस चुकवणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी म्हटलं, दादाला घरी आणीन. तो उतरला आणि त्याने पिंडाला चोच लावली.

सगळे सुटलो म्हणाले. मला मात्र बाबांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. सहा महिने ते अंथरुणाला खिळले होते, त्यांचं सगळं मी केलं होतं.

निरोप पोचून तेराव्याला दादाचा फोन आला. "कावळा शिवला का गं?" आवाज कापत होता त्याचा. परक्या मुलखात एकटा आहे, उगीच जिवाला लावून घेईल, म्हणून मी म्हटलं, "लगेच शिवला." त्या दोन शब्दांवर तो आठ वर्षं निर्धास्त राहिला. आई दर गणपतीत त्याचं ताट वाढायची, मग तिने तेही सोडलं, आणि पुढे तीही गेली.

गेल्या महिन्यात तो आला. बोर्लीच्या वाचनालयात सत्कार होता, नागाव वाटेत पडतं. माझा शब्द एकदाचा खरा झाला, दोन तासांपुरता.

चहा घेताना तो म्हणाला, "शेवटचं प्रकरण तुझ्यामुळे झालं बघ."

मग मी सांगून टाकलं. दीड तास कावळा खाली आला नव्हता. काय काय कबूल केलं, शेवटी कुठल्या शब्दाला शिवला, सगळं. डोळे भरून आले त्याचे. मला वाटलं, आता तरी विचारील, तू एकटीने कसं गं निभावलंस.

"कुठल्या झाडावर बसला होता म्हणालीस?"

"सुरूच्या."

त्याने खिशातून मोबाईल काढला आणि लिहून घेतलं.