पाद्रीबुवांशी अर्धवट भांडण

ग्लेन वेव्हर्ली या ऑस्ट्रेलियन उपनगरातल्या निवृत्त डॉक्टर मृणालताई वर्षभर एका दिवंगत इंग्रज पाद्री-प्राध्यापकावर संतापून होत्या. मूर्तिपूजक म्हणजे समजूत घालायची लहान मुलं, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. ते खोडून काढायला ताई लायब्ररीतून त्याच्या प्रवचनांचा एकेक खंड आणत आणि नाश्त्याला त्याची हजेरी घेत. नवरा संजीव आपले पोहे खात राही.

मग लायब्ररीनं ते खंड रद्दीत काढले. ताई काउंटरवर कडाडल्या, "माझं भांडण अर्धवट राहिलंय."

"नो वरीज, फुकट घेऊन जा," तिथली मुलगी म्हणाली.

ताई आणखीच पेटल्या. "एवढा विद्वान माणूस, फुकट?"

घरी संजीवनं विचारलं, "अगं, हे ठेवायचे कुठे?"

"देवघरात. उद्यापासून गणपतीच्या देखत भांडते त्याच्याशी."